सुशीलाच्या मागची जागा

१९९८ सालच्या ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी सालोमीमावशी प्रभुभोजनाच्या रांगेत सुशीलाच्या मागे उभ्या राहिल्या. दोघींनी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी प्याला सुशीलाला दिला, मग मावशींना दिला. मावशी प्यायल्या.

मी पेटीवर होतो. आमच्या मंडळीत गाणाऱ्यांना प्रभुभोजन आधी देतात, म्हणजे बाकीचे पुढे येत असताना गीत चालू ठेवता येतं. त्यामुळे जे झालं ते मी समोरून पाहिलं. पण ज्यांनी मावशींना कधी पाहिलेलं नाही त्यांना यात काही घडलं असं वाटणार नाही. म्हणून आधी मावशी कशा होत्या ते सांगतो.

मावशी भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलतो असं नाही, त्या स्वतःच सांगायच्या. प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या शेजारी दोन खोल्यांत राहायच्या. उपासनेला निघाल्या की फाटकापर्यंत जायच्या, परत फिरायच्या, गॅसचं बटण बघायच्या, कुलूप ओढायच्या आणि मग मला हाक मारायच्या, "अरे, मी कुलूप ओढलं ना? तू पाहिलंस ना?" मी पाहिलेलं नसलं तरी हो म्हणायचो. देवळात त्यांची जागा दुसऱ्या बाकावर, पंख्याच्या जवळ पण पंख्याखाली नाही. मनमाडला बहिणीकडे जायचं तर गाडीच्या किती तरी आधी नाशिकरोड स्टेशनवर जाऊन बसायच्या. त्र्यंबक नाक्यावर रस्ता ओलांडायचा तर पलीकडे जाणारी आणखी माणसं जमेपर्यंत थांबायच्या, आणि त्यांच्या मधोमध शिरून जायच्या. "रिक्षा आली तर आधी कडेच्यांना लागेल," असं एकदा म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या. कुंभमेळ्याच्या वर्षी गर्दीच्या धास्तीने त्यांनी घरात इतका किराणा भरला की पुढे नाताळच्या करंज्यांना त्यातलाच रवा पुरला.

सगळ्यात मोठी भीती पाण्याची. लहान असताना मनमाडला त्यांचा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला होता. त्याबद्दल त्या बोलत नसत. पाणी उकळत असत, एवढंच. उकळायच्या, गाळायच्या, पुन्हा उकळायच्या. त्यांच्या कापडी पिशवीत झाकणाचा एक स्टीलचा पेला कायम असे. लग्न असो, मयत असो, वनभोजन असो, मावशी दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावत नसत. यजमान नवीन असला तर थोडा दुखावायचा. जुने लोक हसायचे. "सालोमीबाई स्वर्गात गेल्या तरी देवदूताला आधी पेला दाखवतील," असं बेंजामिनकाका म्हणायचे. हे आमच्या पंचांचे प्रमुख. भारदस्त आवाज, पांढरी सफारी.

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाचा प्याला तेवढा अपवाद. तो सगळ्या मंडळीत एकच, पितळेचा, वर मुलामा दिलेला. प्रत्येकाने घेतल्यावर पाळकसाहेब कडा पांढऱ्या रुमालाने पुसून प्याला जरासा फिरवायचे आणि पुढच्याला द्यायचे. मावशी नेहमी रांगेत पहिल्या, गाणाऱ्यांच्याही आधी. पहिल्या म्हणजे आधी कोणाचं तोंड लागलेलं नाही. हे गुपित सगळ्यांना माहीत होतं आणि ती जागा सगळे त्यांच्यासाठी सोडायचे.

शिवाय त्या प्याल्यातला द्राक्षरस त्यांच्याच हातचा. हा त्यांचा मान होता. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात पिंपळगावकडून काळ्या द्राक्षांच्या पेट्या यायच्या. मावशी एकेक मणी देठापासून सोडवायच्या, धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, रस काढून उकळायच्या, गाळायच्या, उकळलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरायच्या आणि तोंडावर मेण ओतून बंद करायच्या. वर्षभर त्या बाटल्या देवळामागच्या खोलीतल्या कपाटात राहायच्या. एकही कधी बिघडली नाही. भित्र्या माणसाचा हात पदार्थाला मानवतो, असं पाळकसाहेब म्हणायचे.

हे पाळकसाहेब वयाने मावशींपेक्षा बरेच लहान, गमतीदार. एकदा त्यांनी पेत्र नावेतून उतरून पाण्यावर चालायला निघतो त्या प्रसंगावर उपदेश केला. विश्वास ठेवायचा तर नावेतून पाय बाहेर टाकावा लागतो, वगैरे. उपदेश चांगला झाला. बाहेर दारात सगळे एकमेकांना सलाम करत असताना मावशी त्यांना म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना बाई."

"बाकीचे अकरा जण नावेतच बसून होते ना?"

"हो."

"त्यांना प्रभूने टाकून दिलं का?"

"नाही."

"मग झालं तर. मी त्या अकरांतली."

पाळकसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तेव्हापासून ते मावशींना बघितलं की विचारायचे, "काय बाई, नावेत सगळं ठीक?" आणि मावशी म्हणायच्या, "कोरडी आहे साहेब, अगदी कोरडी."

सुशीला ही मावशींची जुनी विद्यार्थिनी. दुसरीत त्यांच्या वर्गात होती. तिचा नवरा आग्रा रोडला ट्रक चालवायचा. माणूस हसरा, नाताळात गव्हाणीसाठी दरवर्षी कुठून कुठून हिरवं गवत आणायचा. तो आजारी पडला, वाळत गेला आणि सत्त्याण्णवच्या थंडीत वारला. कशाने वारला ते आधी कोणी बोललं नाही, मग सगळे बोलू लागले. त्या काळात त्या आजाराचं नाव लोक पूर्ण घेतही नसत. "तोच तो," म्हणायचे. मग सुशीलाचीही तपासणी झाली. तिलाही होता. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण ईस्टरपर्यंत ती सगळ्यांच्या घरी पोचली होती.

ईस्टरनंतरच्या प्रभुभोजनाला सुशीला नेहमीसारखी पुढे आली आणि कठड्याच्या मध्यावर गुडघे टेकून बसली. तिने प्याल्यातून घेतलं. तिच्यानंतर ज्यांची पाळी होती ते गृहस्थ खोकले आणि उठले. त्यांच्या पलीकडची बाई उठली. मग ओळीतले उरलेले सगळेच उठून आपापल्या जागी गेले. पाळकसाहेब प्याला आणि रुमाल हातात घेऊन उभे राहिले. सुशीला गुडघ्यांवरच होती, डोळे मिटलेले. काय झालं ते तिला डोळे उघडल्यावर कळलं.

त्यानंतर ती शेवटच्या बाकावर दाराशी बसू लागली. अर्पणाचं गीत संपलं की उठून जायची. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कोणी म्हटलं नव्हतं. जूनमध्ये तिचे दोन रविवार चुकले, जुलैत आणखी.

मावशी त्या दिवशीही रांगेत पहिल्या होत्या, म्हणजे त्यांचं घेऊन झालं होतं. त्यांना उठून जावं लागलं नव्हतं. पण त्यांना चैन पडेना. एका दुपारी त्या सुशीलाकडे गेल्या. आडगाव नाक्याच्या पलीकडे तिची खोली होती, म्हणजे दोन रिक्षा आणि वर आग्रा रोड ओलांडायचा. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे एका वर्षी, द्राक्षांचे मणी सोडवता सोडवता सांगितलं.

सुशीलाने चटई टाकली. बोलणं झालं. बराच वेळ झाला तरी चहाचं नाव निघेना. शेवटी सुशीलाच म्हणाली, "बाई, चहाचं विचारत नाही मी आता कोणाला. राग मानू नका."

मावशींना तहान लागली होती. सवयीने त्यांनी पिशवीत हात घातला आणि आपला पेला काढला. सुशीलाचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही आणलात. माझ्याही जिवाला घोर नाही."

"अरे, हा पेला मी कलेक्टरच्या घरीसुद्धा काढला असता," मावशी मला म्हणाल्या. "पण तिला वाटलं, तिच्यासाठीच आणलाय. आणि वर तिने माझे आभार मानले. मला तो पेला हातात धरवेना."

त्यांनी पेला परत पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "सुशीला, चहा टाक. तुझ्या कपातून घेईन."

"नको बाई."

"दुसरीत मी सांगितलेलं ऐकायचीस."

"दुसरीत मी आजारी नव्हते."

"गोवर आला होता तुला. मलाही दिला होतास. टाक चहा."

सुशीलाने चहा टाकला. कप पांढरा, कानाचा टवका उडालेला. मावशी चहा प्यायल्या. घरी येऊन त्यांनी गरम पाण्याने गुळण्या केल्या आणि त्याबद्दल रडल्या. हेही त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना हसल्या.

मग त्या आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे गेल्या आणि विचारलं, एका भांड्यातून प्यायल्याने हा आजार होतो का. डॉक्टर म्हणाले, नाही होत. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेल्या. नाही होत. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा डॉक्टर वैतागले, "बाई, नाही म्हणजे नाही! लिहून देऊ का?" मावशी म्हणाल्या, "लिहून देऊन भीती जाते का डॉक्टर?" डॉक्टरांनी मान हलवली. फी घेतली नाही.

ऑगस्टच्या त्या रविवारी मावशी दुसऱ्या बाकावर दिसल्या नाहीत. मी पेटीवरून शोधलं तर त्या शेवटच्या बाकावर, दाराशी, सुशीलाच्या शेजारी. अर्पणाचं गीत संपलं. सुशीला उठायला लागली. मावशींनी तिचा हात धरला. त्यांच्या पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने त्यांचं बोलणं ऐकलं, तिच्याकडून ते आम्हाला कळलं.

"चल."

"बाई, नको. सगळे बघतात."

"बघू देत. तू नाही गेलीस तर मीपण नाही जात."

"तुम्ही पहिल्या असता."

"आज शेवटची."

रांग संपली. पाळकसाहेब प्याला घेऊन उभे. दाराशी दोघी बसलेल्या. मी गीताचं शेवटचं कडवं वाजवलं, परत वाजवलं, परत वाजवलं. कोयरमधले गाणारे माझ्याकडे बघायला लागले. मग सुशीला उठली आणि तिच्या मागून मावशी. मधली वाट लांब नाही आमच्या देवळाची, पण त्या दिवशी ती लांब वाटली. कठड्याशी आल्यावर मावशींनी सुशीलाला पुढे सरकवलं, म्हणजे प्याला आधी तिच्याकडे जाईल. पाळकसाहेबांनी तिला दिला, कडा पुसली, प्याला फिरवला आणि मावशींपुढे धरला. मावशींनी हात पुढे केले, पण पाळकसाहेबांनी प्याला सोडला नाही. दोघांनी मिळून धरला. मावशी प्यायल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्याल्यात रस उरला तर तो टाकत नाहीत. तो पाळकसाहेबांनीच संपवायचा असतो. पाळकसाहेबांनी वेदीकडे वळून प्याल्यात पाहिलं. क्षणभरच. मग प्यायले.

दारात सलामाच्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. मावशींना म्हणाले, "बाई, तुम्ही मला न विचारता नावेतून उतरवलंत."

मावशी म्हणाल्या, "मलाही कुठं विचारून उतरता आलं, साहेब. पाय ओले झालेत नुसते."

त्याच दुपारी एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगतीत वाढपी पाणी घेऊन आला. मावशींनी पेल्यावर हात ठेवला आणि माझ्या कानात विचारलं, "विहिरीचं आहे का रे?" मी म्हटलं, "मावशी, सकाळी काय केलंत आणि आता काय करताय!" त्या म्हणाल्या, "सकाळचं वेगळं. विहिरीचं आणि त्याचं काय?"

पुढच्या महिन्यात पंचांची बैठक झाली. बेंजामिनकाका स्वतः मावशींकडे आले. मी ओट्यावर होतो. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"सालोमीबाई, तुमच्या श्रद्धेबद्दल कोणाला शंका नाही. पण मंडळी म्हणजे चार लोक. लोक म्हणतात, तुम्ही तिच्याकडे जाता-येता, चहापाणी घेता, आणि रसही तुमच्याच हातचा."

"मग?"

"येत्या हंगामापासून रस आमच्या सुनंदाने करावा असं ठरलंय. तुम्हालाही तेवढाच आराम."

मावशी म्हणाल्या, "बरं." त्यांनी कपाटाची किल्ली काढून दिली. काका गेल्यावर त्या मनमाडला निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या नाहीत. गॅस बघितला नाही, कुलूप ओढलं नाही. तेव्हा मला कळलं की त्यांना किती लागलं होतं.

पण पुढच्या प्रभुभोजनाला त्या सुशीलाच्या मागे होत्याच. त्यापुढच्यालाही. मी एकदा विचारलं, "मावशी, आता भीती गेली का?"

"कुठं रे. दर वेळी गुडघे टेकताना वाटतं, उठून जावं. पण भीती जायची वाट पाहिली असती तर सुशीला तोवर यायची बंद झाली असती."

त्या दोघींच्या मागे कोणी उभं राहत नव्हतं. रांग लवकर लवकर पुढे सरकायची, सगळे आधी उरकून घ्यायचे, आणि मग त्या दोघी, आणि मग पाळकसाहेब. असं वर्षाच्या शेवटापर्यंत चाललं. नवीन वर्ष लागलं. द्राक्षं आली आणि सुनंदाकाकूंच्या घरी गेली.

सुनंदाकाकू म्हणजे बेंजामिनकाकांची बायको, सुगरण. पण त्या उकळण्याच्या बाबतीत मावशींना आधीपासून हसायच्या. रस फार उकळला की चव जाते असं त्यांचं मत. त्यांनी एकच उकळी आणली आणि बाटल्यांना बुचं लावली. मेण वगैरे काही नाही. ईस्टर पार पडला. मे महिन्यात नाशिकला जसं ऊन असतं तसं ऊन पडलं. एका रविवारी पाळकसाहेब संयम या विषयावर बोलत होते. सगळं शांत होतं. तेवढ्यात मागच्या खोलीत धाडकन आवाज झाला. मग दुसरा. मग एकामागून एक. बायका ओरडल्या. बेंजामिनकाका पुढच्या बाकावरून थेट बाकाखाली गेले, पांढऱ्या सफारीसकट. कोणी म्हणालं गोळीबार, कोणी म्हणालं सिलिंडर. मी दार उघडलं तर आत फुटलेल्या काचा, भिंतीवर जांभळे ओघळ आणि दारूच्या गुत्त्यासारखा वास. तो वास हळूहळू देवळात पसरला. पाळकसाहेबांनी संयमाने आशीर्वाद दिला आणि उपासना आटोपली.

संध्याकाळी बेंजामिनकाका मावशींकडे आले. या वेळी खुर्चीत नीट बसले.

"बाई, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे."

"हो."

"द्राक्षं आणू का?"

"मे महिन्यात द्राक्षं कुठली आणता? काळे मनुके आणा. भिजवून करते."

काका उठले. मावशी म्हणाल्या, "थांबा. एकटीने होत नाही आता माझ्याने. हाताखाली सुशीला असेल."

काका तसेच उभे राहिले. मी ओट्यावरून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "उकळणार ना?"

"बेंजामिन, मी कधी न उकळता काही दिलंय का तुम्हाला?"

पुढच्या रविवारी रांग लागली. सगळ्यांना माहीत होतं मनुके कोणी भिजवले, कोणी कुस्करले. काही जण आलेच नाहीत उपासनेला, हेही खरं. दोन घरं तर कायमची दुसऱ्या मंडळीत गेली. रांग सरकली. शेवटी सुशीला, मग मावशी. आणि मावशींच्या मागे सुनंदाकाकू येऊन उभ्या राहिल्या. नंतर कोणी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा दुखतो माझा, म्हणून मागे राहिले." पुढच्या वेळीही त्यांचा गुडघा दुखला. हळूहळू आणखी काही जणांचे गुडघे दुखू लागले. बेंजामिनकाकांना वेळ लागला. पण तेही आले, भारदस्त खोकत.

सुशीला जगली. मधली काही वर्षं वाईट गेली, दोनदा आम्ही आशा सोडली होती. मग सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळायला लागल्या आणि तिच्या अंगावर मांस चढलं. मावशी गोळ्यांच्या वेळेला तिला फोन करायच्या, आणि गोळी उकळलेल्या पाण्याबरोबर घेतलीस ना, हे विचारायच्या.

मावशींना शेवटचं पाहिलं ते त्र्यंबक नाक्यावर. मी ग्रंथालयातून परतत होतो. दुपारची वेळ, वाहनं सुसाट. पलीकडच्या बाजूला मावशी सुशीलाचा हात धरून उभ्या होत्या. आजूबाजूला रस्ता ओलांडणारं दुसरं कोणी नव्हतं. मला वाटलं, आता या माणसं जमेपर्यंत थांबणार. मावशींनी पिशवी काखेत मारली, दुसरा हात वर केला आणि रस्त्यात पाय टाकला. एक रिक्षा करकचून थांबली. रिक्षावाला काहीतरी बोलला. मावशी त्याला मोठ्याने म्हणाल्या, "दिसत नाही का, माणसं चाललीत!" आणि सुशीला हसत हसत त्यांच्याबरोबर ओढली जात होती. त्यांनी मला पाहिलं नाही. मी हाक मारणार होतो, पण मग नुसता बघत राहिलो.

त्याच आठवड्यात, दोन हजार सातच्या जानेवारीत, मावशी झोपेत गेल्या. गॅसचं बटण बंद होतं. दाराचं लॅचचं कुलूप लागलेलं होतं, ते सुशीलाकडच्या किल्लीने उघडलं.

झाकणाचा पेला माझ्याकडे आहे. त्यात मी पाणी पितो. रस आता सुशीला करते, मेण ओतते, कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. पहिल्या रविवारी ती रांगेत असते, कधी मध्ये, कधी शेवटी. तिच्या मागे कोण उभं आहे ते आता कोणी बघत नाही.